ऑप्शनमध्ये नसलेलं उत्तर

जोयडा तालुक्यातल्या अकरावी विज्ञानाच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, एक मोल वायूला जागा किती लागते? डोळे न उघडता तो सांगेल, बावीस पॉइंट चार लिटर. कुठे, किती तापमानाला, किती दाबाला, असं पुढे विचारलंत तर मात्र तो जागा होतो आणि गप्प बसतो. त्याला उत्तर दिलेलं आहे. प्रश्न कोणी दिलेलाच नाही.

२२.४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअसचा आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाचा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा. आमच्याकडे शून्य अंश फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात भेटतो, आणि समुद्र आहे तिकडे कारवारला, घाट उतरून. गणेशगुडीचं सुपा धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर असते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ०.९३५ ॲटमॉस्फिअर. तापमान २७ अंश धरा. त्या धरणाच्या काठावर उभं राहून एक मोल वायू मोजला तर तो २६.३ लिटर भरतो. सतरा टक्क्यांचा फरक. रेशन दुकानदाराने मापात एवढा फरक केला असता तर लोक तहसीलदाराच्या दारात जाऊन बसले असते. रसायनशास्त्रात तो चालतो, कारण तो कोणी मोजतच नाही.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. हे गणित फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो : "सर, ऑप्शनमध्ये २६.३ नाही." पोरगं चेष्टा करत नसतं. त्याला खरंच काळजी असते. चार पर्यायांच्या बाहेर जगात काही घडू शकतं ही कल्पनाच त्याच्या डोक्यातून आपण खरवडून काढली आहे, आणि ते काम करायला त्याच्या आईबापांकडून वर्षाची फी आगाऊ घेतली आहे.

बरं, घोकायचंच असेल तर निदान चालू आकडा घोका! प्रमाण दाबाची व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने १९८२ साली बदलली. ॲटमॉस्फिअर गेला, बार आला, आणि शून्य अंशाला एक मोल वायूचं आकारमान २२.७ लिटर झालं. ज्यांनी हे वाचायला हवं होतं ते मास्तर तेव्हापासून आजवर २२.४ चाच जप करत निवृत्तही झाले. गंमत अशी, की एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 'द्रव्याच्या अवस्था' नावाचं प्रकरण होतं आणि त्यात २२.७१ हा आकडा सरळ छापलेला होता. होतं म्हणतो, कारण आता ते प्रकरणच नाही.

ती कात्री २०२२ साली लागली. कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणे. त्या भल्या हेतूने नववीतून मोल संकल्पना काढली, दहावीतून मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण काढलं आणि अकरावीतून वायूंच्या नियमांचं प्रकरण काढलं. बॉइल गेला, चार्ल्स गेला, डाल्टनचा आंशिक दाब गेला. आमच्या कर्नाटकातले पदवीपूर्व वर्ग हीच पुस्तकं वापरतात, त्यामुळे दिल्लीत कात्री चालली आणि जोयड्यात कापड तुटलं. डार्विनला दहावीतून काढलं तेव्हा देशभरच्या हजारावर शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र काढलं, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. ठीकच झालं. पण बॉइलसाठी कोण रडलं? बॉइलवरून कोणाच्या भावना दुखावत नाहीत, म्हणून बॉइलसाठी कोणी भांडतही नाही. महाराष्ट्र मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात हे प्रकरण आहे. आमची मुलं मात्र त्याविना बारावीत ढकलली जातात.

आता खरी मखलाशी ऐका. वायूंचं प्रकरण काढलं, पण त्याच पुस्तकात रासायनिक समतोलाचं प्रकरण ठेवलं. त्यात केपी आणि केसी या दोन स्थिरांकांचा संबंध येतो, आणि त्या सूत्रात आरटीचा डेल्टा एनवा घात बसलेला असतो. हा आर कोण? हा टी इथे कशाला आला? तो आला आहे वायुसमीकरणातून, ज्याला मुलं पीव्ही बरोबर एनआरटी म्हणतात. पुस्तक ते समीकरण एका ओळीत लिहून पुढे सरकतं. उष्मागतिकीत तर पिस्टनखाली वायू दाबायचा, प्रसरण पावू द्यायचा, काम मोजायचं, हे सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे वायू कसा वागतो हे शिकायचं नाही, पण तो वागल्यावर किती काम झालं याचं गणित सोडवायचं. हा भार हलका केला की डोळ्यावर पट्टी बांधून तोच भार डोक्यावर दिला?

यावर शिकवणीवाल्यांचा तोडगा तयार असतो. २०२४ पासून नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमातूनही हे प्रकरण गेलं. मग काय, आनंदीआनंद. "ते आता येत नाही, सोडून द्या." येत नाही म्हणजे पेपरात येत नाही. स्वयंपाकघरात येतं. १४.२ किलोचा सिलिंडर घरोघरी आहे. एका मोलला ५८ ग्रॅम या हिशेबाने त्यात साधारण २४५ मोल वायू असतो आणि आमच्या उंचीवर तो मोकळा सुटला तर साडेसहा हजार लिटरच्या घरात जातो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच स्वयंपाकघरात त्यातला जेमतेम एक किलो गळून हवेत मिसळला तरी ठिणगी पडायला मोकळी असते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, म्हणजे जमिनीलगत धोका त्याआधीच तयार. हे गणित अकरावीच्या पोराला पाच मिनिटांत यावं. त्याला ते येत नाही, पण प्रवेश परीक्षेच्या कोणत्या वर्षी कोणता प्रश्न पुन्हा आला हे तोंडपाठ असतं.

मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून गणितं जमत नाहीत, ही दुसरी सबब. रामनगरकडच्या कितीतरी मुलांची गत अशी : घरात कोकणी नाहीतर मराठी, शाळेत कन्नड किंवा मराठी, आणि अकरावी विज्ञानाला पाय ठेवला की सगळं इंग्रजीत. हाल होतात, मान्य. पण शंभर मिलिलिटरमध्ये चार ग्रॅम तर अडीचशेत किती, याला कुठलं इंग्रजी लागतं? त्याला त्रैराशिक लागतं. मोलची, वायूंची, द्रावणांची पहिल्या वर्षाची सगळी गणितं शेवटी त्रैराशिकच आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त सुवर्णगणित आहे : वेगवेगळ्या कसाची सोन्याची कांबी एकत्र वितळवली तर मिश्रणाचा कस किती? प्रत्येकाचं वजन गुणिले कस, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. दोन वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं एकत्र ओतल्यावर आज आपण नेमकं हेच करतो आणि त्याला एम वन व्ही वन म्हणतो. जे पोरगं सोनाराच्या पेढीवरचा हिशेब करू शकतं, ते बारावीचं मोलॅरिटीचं गणित करू शकतं. पण त्याला मधली पायरी कोणी दाखवत नाही. त्याला थेट सूत्र मिळतं, सूत्रासोबत एक चटपटीत युक्ती मिळते, आणि युक्ती सोडून प्रश्न एक अक्षर इकडेतिकडे झाला की त्याचं तारू फुटतं.

एककं लिहा, असं मी सांगितलं की मुलं मला जुन्या वळणाचा समजतात. ग्रॅम भागिले ग्रॅम-प्रति-मोल, उत्तर मोल. एवढं ओळीत लिहिलं की चूक आपोआप पकडली जाते. पण ओएमआर शीटवर एककाला गोळा नसतो. म्हणून एकक बाद.

आता गुंद-उळवीकडच्या पोफळीच्या बागांत चला. इथे माझा राग खरा उफाळतो.

पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा दीडेक महिन्याने बागायतदार सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण फवारतो. नाही फवारलं तर कोळेरोग येतो आणि कोवळी सुपारी सडून गळते. फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्देने १८८५ मध्ये द्राक्षांसाठी जगापुढे मांडलेला हा उपाय. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला, आणि बोर्डोची फवारणी बागाईतदारांच्या अंगवळणी पडली. प्रमाण एक टक्का : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद पन्नास लिटरमध्ये वेगळं विरघळवायचं, चुना पन्नास लिटरमध्ये वेगळा, मग दोन्ही एकत्र. लोखंडी पिंप चालत नाही. मिश्रण झालं की घासून चकचकीत केलेलं कोयत्याचं पातं त्यात थोडा वेळ बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील, चुना आणखी घाला.

दहावी न झालेला माणूस हे सगळं करतो. त्याला द्रावण करता येतं, उदासीनीकरण करता येतं, आणि लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढण्याची परीक्षाही घेता येते. त्याचा मुलगा अकरावीला आहे. त्याला मी विचारलं, या मोरचुदाची मोलॅरिटी किती? त्याने वहीत सूत्र लिहिलं, रेणुभार १५९.६ घेतला आणि उत्तर काढलं ०.०६३. चुकलं. मोरचूद निळं असतं ते त्यात पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात म्हणून. भार २४९.७ घ्यायचा. लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे ०.०४ मोल. निळ्या खड्यांचं पोतं त्याने लहानपणापासून घराच्या माळ्यावर पाहिलं आहे. पण पुस्तकातलं कॉपर सल्फेट आणि माळ्यावरचं मोरचूद एकच, हे त्याला कोणत्याही इयत्तेत कोणी सांगितलेलं नाही.

आणि खरा झणझणीत प्रश्न तर पुढे आहे. एक किलो मोरचूद म्हणजे चार मोल. त्याला चार मोल कळीचा चुना पुरतो, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. मग बाप एक किलो का ओततो? तो अडाणी आहे? नाही. बाजारात मिळणारा चुना शुद्ध नसतो. उघड्यावर पडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा निम्मा जीव गेलेला असतो. शिवाय मिश्रण आम्लाकडे झुकलं तर पानांचं वाटोळं, म्हणून ते अल्कधर्मीच हवं. पुस्तकी हिशेब, बाजारातला माल आणि पानाची सोय यांच्यातली ही तफावत म्हणजेच रसायनशास्त्र. मर्यादी अभिक्रियाकारक, शुद्धतेची टक्केवारी, जादा प्रमाण, अख्खं पहिलं प्रकरण एका पिंपात आहे! आणि आपण पोरांना देतो काय? मॅग्नेशियमच्या फितीचा एक प्रश्न, नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनियाचा एक प्रश्न, वर्षानुवर्षं तेच आकडे. अमोनियाचा कारखाना या पोरांनी पाहिलेला नाही. पिंप दारात आहे.

प्रयोगशाळेविषयी बोलावं की न बोलावं? बोलतोच. अकरावीला ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिलिलिटर द्रावण बनवणं हा ठरलेला प्रयोग. ३.१५ ग्रॅम तोलायचं, थोड्या पाण्यात विरघळवायचं, खुणेपर्यंत भरायचं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी हे द्रावण सकाळीच अटेंडर मोठ्या बाटलीत करून ठेवत असे, आणि मुलं फक्त "द्रावण बनवले" असं रेकॉर्डमध्ये लिहीत. ब्युरेटची तोटी गळकी. रीडिंग किती यायचं ते आदल्या बॅचकडून कळलेलं. परीक्षेत तीनही रीडिंग तंतोतंत सारखी, आणि मार्क पैकीच्या पैकी. ज्याचं रीडिंग खरं म्हणून वेडंवाकडं आलं, त्याचाच मार्क कापला गेला. एवढं शिकल्यावर पुढे तो पोरगा कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या औषध कंपनीत खरा आकडा लिहील, अशी आशा कोणी ठेवावी?

साधनं नाहीत, हे रडगाणं मला सांगू नका. खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम, भरपूर व्हिनेगर, एक नळी, पाण्याने भरून परातीत उलटी धरलेली मापाची मोठी बाटली. सोडा दशांश मोल, तेवढाच कार्बन डायऑक्साइड. घोकलेल्या आकड्याने २.२४ लिटर यायला हवा. आमच्या घाटमाथ्यावर हिशेबाने २.६ च्या वर. (थोडा वायू पाण्यात विरघळतो आणि बाटलीत पाण्याची वाफही शिरते, हे मला ठाऊक आहे. ती भरपाई करायला शिकवणं हाच तर धडा.) खर्च एका वडापावचा.

विहिरीचंही तेच. व्यास दोन मीटर, पाणी तीन मीटर, म्हणजे साधारण नऊ हजार चारशे लिटर. चांगली ब्लिचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे चोवीस ग्रॅम. पण "चांगली" म्हणजे तेहतीस टक्के क्लोरीन असलेली. आमच्या पावसात फोडलेल्या पोत्यातला क्लोरीन हवेत जातो. पंधरा टक्के उरला असेल तर पन्नास ग्रॅमच्या वर लागतील. गावात हे अंदाजे मुठीने टाकतात. कधी पाणी जलतरण तलावासारखं वासतं, कधी पावडर टाकूनही जुलाब होतात. प्रत्येक वाडीत बारावी सायन्स झालेलं एक तरी पोरगं आहे. कोणी त्याला बोलावत नाही, आणि बोलावलं तर ते गोंधळेल, कारण चार पर्याय दिलेले नाहीत.

आणि आता कैगा. जोयड्याच्या शेजारी, काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात अणुवीज केंद्र आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जास्त आढळलं. तपासात कळलं, कोणीतरी ट्रिटियम असलेलं जड पाणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळलं होतं. देशभर खळबळ झाली. त्या दिवसांत या भागात दोनच सूर ऐकू येत होते : एक, सगळे मरणार, दुसरा, काहीही झालेलं नाही, मर्यादेच्या आत आहे. दोन्ही बाजूंच्या घशाच्या शिरा ताणलेल्या. पण प्रश्न शुद्ध द्रावणाच्या तीव्रतेचा होता! मूळ जड पाण्यात लिटरमागे किती ट्रिटियम, ते किती ओतलं, कूलर किती लिटरचा, माणूस दिवसाला किती प्यायला, आणि शरीरातलं ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मं होतं तर आता किती उरलं. पाच आकडे आणि चार गुणाकार-भागाकार. हे न करता घाबरणारा जितका अडाणी, तितकाच हे न करता घाबरू नका म्हणणाराही.

त्या निमित्ताने मी आजही वर्गात एक प्रश्न विचारतो. एक लिटर साधं पाणी आणि एक लिटर जड पाणी, मोल कशात जास्त? पोरं एका सुरात म्हणतात, जड पाण्यात. नाव जड आहे ना! साध्या पाण्यात ५५.३, जड पाण्यात ५५.१. जवळपास सारखेच, किंचित कमीच. लिटर जड झालं ते रेणू वाढले म्हणून नव्हे, प्रत्येक रेणू जड आहे म्हणून. मोल म्हणजे मोजणं, तोलणं नव्हे, हे ज्याला या एका प्रश्नात समजलं त्याला बाकीचं मी महिनाभरात शिकवतो. मग अव्होगॅड्रो संख्या, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, २०१९ च्या मे महिन्यापासून ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात अशी कायमची ठरवून टाकली, बारा ग्रॅम कार्बनच्या कुबडीवरून ती उतरवली, हेही त्याला रुचतं. ज्याला नाही समजलं, तो २२.४ म्हणत राहील, नव्वद टक्के मिळवील, आणि आपण त्याचा फोटो शिकवणीच्या फ्लेक्सवर लावू.

पालकांनो, पुढच्या सभेला जाल तेव्हा टक्के विचारू नका, टेस्ट सिरीजचा हप्ता विचारू नका. एवढंच विचारा : समतोलाच्या सूत्रात आरटी कुठून आला? उत्तर देताना कोणी घड्याळाकडे पाहिलं, किंवा "ते पेपरात येत नाही" म्हटलं, तर फीची पावती टेबलावर ठेवा आणि पैसे परत मागा.